गाडीच्या एसीतला गॅस संपत नाही, गळतो

मार्च उजाडला की आमच्या गॅरेजसमोर गाड्या लागायला सुरुवात होते आणि निम्म्या गिऱ्हाइकांचं वाक्य ठरलेलं असतं: "दादा, एसी गार करंना झालाय. तेवढा गॅस मारून द्या की." कोल्हापुरात गाड्यांच्या एसीचं काम करायला लागून मला अठरा वर्षं होतील. या काळात सगळ्यांत जास्त वेळा मी काय समजावून सांगितलं असेल, तर हेच: गॅस मारू, पण आधीचा गेला कुठं ते आधी बघू.

पेट्रोल जळतं, इंजिन ऑइल काळं पडतं, ब्रेकचे पॅड झिजतात. एसीतल्या गॅसचं यातलं काहीच होत नाही. बंद नळ्यांमधून तो गोल फिरत राहतो, जळत नाही, झिजत नाही. रबरी पाइपांच्या अंगातून वर्षानुवर्षांत अगदी किंचित झिरपतो हे खरं, पण धडधाकट गाडीला त्याचा फरक बरीच वर्षं जाणवत नाही. ज्या गाडीला दर उन्हाळ्यात गॅस लागतो, त्या गाडीला कुठंतरी भोक आहे.

मग लोक विचारतात, घरचा फ्रीज पंधरा-पंधरा वर्षं पुन्हा गॅस न भरता चालतो, गाडीचंच असं का? प्रश्न रास्त आहे. फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि त्याची मोटर एकाच लोखंडी डब्यात कायमची बंद केलेली असते, आणि नळ्या एकमेकींना झाळून जोडलेल्या असतात. गॅसला बाहेर पडायला वाटच नसते. गाडीत कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे त्याचा दांडा डब्याबाहेर काढावाच लागतो आणि त्या दांड्याभोवती सील बसवावं लागतं. इंजिन हादरतं, म्हणून मध्ये रबरी पाइप घालावे लागतात. गाडी जोडताना आणि दुरुस्त करताना भाग वेगळे करता यावेत म्हणून प्रत्येक सांध्यावर रबराची ओ-रिंग असते. यातली प्रत्येक जागा गळायला संधी देते. त्यात खड्डे, बॉनेटखालची धग आणि चार महिन्यांचा पाऊस.

आता हा गॅस करतो काय? माठातलं पाणी गार का होतं ते आपल्याला माहीत आहे. पाणी माठाच्या अंगातून बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. एसीत तेच होतं, फक्त पाण्याच्या जागी आर-१३४ए नावाचं रसायन असतं. पाणी १०० अंशांना उकळतं, हे मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतं. डॅशबोर्डच्या पोटात कूलिंग कॉइल असते. तिच्यात ते द्रव रूपात शिरतं, उकळतं आणि कॉइलवरून जाणाऱ्या हवेतली उष्णता ओढून घेतं. वाफ झालेला गॅस कॉम्प्रेसर खेचतो, दाबतो, आणि रेडिएटरच्या पुढ्यातल्या कंडेन्सरकडे पाठवतो. तिथं तो केबिनमधली उष्णता रस्त्यावरच्या वाऱ्याला देऊन परत द्रव होतो. वाटेत ड्रायर त्यातला ओलावा शोषतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बारीक छिद्रातून त्याला पुन्हा कॉइलमध्ये सोडतो. माठातली वाफ हवेत निघून जाते, ही पकडून परत वापरली जाते, एवढाच फरक.

लहान गाडीत हा गॅस असतो साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. म्हणजे साखरेची अर्ध्या किलोची पुडी. एवढ्यातून शे-दीडशे ग्रॅम गेला तरी एसी लंगडायला लागतो. सुरुवातीला हायवेवर बरा वाटतो आणि सिग्नलला थांबलं की गरम फुंकर मारतो. मग कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे त्याला पट्ट्याशी जोडणारा भाग, दर काही सेकंदांनी 'टक' करून लागतो आणि सुटतो. शेवटी दाब इतका उतरतो की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. ते चांगलंच आहे, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबतच फिरतं; गॅस नसताना तो फिरला तर कोरडा घासून मरेल.

इथं एक गोष्ट सांगतो. गार होत नाही म्हणजे गॅसच गेला असं धरून चालू नका. केबिनचा फिल्टर धुळीनं बसलेला असतो, कंडेन्सरचा पंखा बंद पडलेला असतो, कंडेन्सरवर चिखल आणि किडे थापलेले असतात. ही तीन कारणं पाच मिनिटांत बघून होतात आणि ती आधी बघायची असतात.

गेज खोटं बोलत नाही, पण पूर्ण खरंही सांगत नाही

बरेच जण गाडी बंद ठेवून गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, लावतात, काटा बघतात आणि "गॅस आहे की" म्हणतात. आपल्या घरातली सिलिंडर आठवा. चौदा किलो भरलेली असो की दोन किलो उरलेली, शेगडी तेवढ्याच जोमानं पेटते. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तोच राहतो, कारण तो दाब तापमान ठरवतं, वजन नाही. एसीतही तसंच आहे. हवा ३० अंश असेल तर बंद गाडीत गेज साधारण ९७ पीएसआय (दाबाचं माप) दाखवेल, ३५ अंश असेल तर ११४च्या आसपास. गॅस पुरा असला तरी तेवढाच, अर्धा गेलेला असला तरी तेवढाच. काटा याच्या खाली आला तर मात्र समजायचं की आत द्रव उरलेलाच नाही. गाडी चालू करून दोन्ही बाजूंचे दाब बघितले की जास्त कळतं, पण आत नक्की किती आहे हे सांगायला एकच वस्तू आहे, वजनकाटा. गाडीतला गॅस मशीननं ओढून घ्यायचा, तोलायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघायचा. वर्षभरात किती गेला यावरून कसली गळती शोधायची आहे तेही कळतं.

आता शोध. सगळ्यांत आधी डोळे आणि बोट. गॅस जिथून निघतो तिथून तेलाचा अंशही निघतो, तेलावर धूळ बसते, आणि कोरड्या पाइपावर एकाच सांध्याशी काळपट ओला डाग दिसतो. बोट फिरवून बघायचं, चिकट लागलं तर तिथं थांबायचं. कंडेन्सर पुढून आणि, वाकता येत असेल तर, खालून बघायचा. ऊस हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांमागून जाताना उडालेला खडा जाळीतून नेमका तिथंच बसतो. कोकणातून येणाऱ्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. समुद्राच्या खाऱ्या हवेनं कंडेन्सरच्या पापुद्र्यांचा भुगा होतो, हात लावला तर गळून पडतात.

गॅस भरायच्या दोन नळांवरची टोपणं काढून बघायची. आत सायकलच्या ट्यूबसारखी पिन असते आणि ती जुनी झाली की गळते. टोपण धुळीसाठी आहे असं लोकांना वाटतं. ते खरं तर दुसरं सील आहे, त्याच्या आत रबर असतं. हरवलेलं टोपण म्हणून बाटलीचं झाकण लावू नका, त्याच मापाचं नवं घ्या.

मग साबणाचं पाणी. साधा उपाय आहे, चांगला आहे, पण संयम लागतो. वर्षाला १०० ग्रॅम गॅस गळत असेल तर ताशी जेमतेम अडीच-तीन मिलिलिटर वायू बाहेर पडतो, म्हणजे औषधाचा अर्धा चमचा. एवढ्या गळतीत फेस येत नाही. एखादा बुडबुडा हळूहळू फुगतो आणि फुटतो, दोन मिनिटांना एक. फवारा मारून दहा सेकंदांत "इथं काही नाही" म्हणणाऱ्याच्या तो हाती लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर याहून पुष्कळ बारीक गळती पकडतो, वर्षाला चार-पाच ग्रॅमचीसुद्धा. मात्र तो वापरायची रीत आहे. इंजिन बंद, पंखे बंद, दारं-खिडक्यांचा वारा बंद. हा गॅस हवेच्या साडेतीन पट जड आहे, तो खाली ओघळतो, म्हणून टोक सांध्याच्या खालच्या अंगाला धरायचं आणि अगदी सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर एवढ्याच वेगानं फिरवायचं. नुकतंच पेट्रोलनं किंवा क्लीनरनं पुसलेल्या जागी तो उगाच ओरडतो. एकदा वाजला म्हणून भाग बदलायचा नाही. बाजूला न्यायचा, शांत होऊ द्यायचा, परत आणायचा. तीनदा त्याच जागी वाजला तर ती जागा.

कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असल्यानं डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी ब्लोअर थोडा वेळ चालवून बंद करायचा, दहा-पंधरा मिनिटं गाडी तशीच ठेवायची आणि डिटेक्टरचं टोक पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी धरायचं. जड गॅस तिथंच उतरलेला असतो. तिथं पाणी साठलेलं नाही ना हे आधी बघायचं, नाहीतर यंत्र पाणी ओढून घेतं. हे न करता "कॉइल गेली असेल" म्हणून डॅशबोर्ड खोलायला सांगितलं तर ठाम नकार द्या. डॅशबोर्ड उतरवणं हे दिवसभराचं काम आहे आणि परत बसवल्यावर एखादा खडखडाट मागं राहू शकतो. पुरावा दाखवल्याशिवाय ते काम होऊ देऊ नका.

तिसरा मार्ग डायचा. तेलात मिसळणारा रंग आत सोडायचा, गाडी आठ-पंधरा दिवस चालवायची आणि मग पिवळा चष्मा लावून यूव्ही टॉर्च मारायचा. गळतीची जागा हिरवट-पिवळी चमकते. थांबून थांबून गळणाऱ्या गाड्यांसाठी याच्याइतकं चांगलं काही नाही. डाय गाडीसाठी ठरवलेल्या मापातच घालायचा. आणि दुरुस्तीनंतर जुना डाग पुसून काढायचा, नाहीतर पुढच्या वेळी तोच डाग सगळ्यांना फसवतो.

गॅस पूर्ण गेलेला असेल तर कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून मापात भरायचा आणि साबणानं बघायचं. इथं हात जोडून सांगतो: टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरनं एसीची चाचणी घेऊ नका. त्या हवेत पाणी असतं, आणि दाबाखाली हवा व आर-१३४ए एकत्र आले की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. ऑक्सिजनची सिलिंडर तर जवळही आणायची नाही. तेल आणि दाबातला ऑक्सिजन मिळून स्फोट होतो.

"व्हॅक्यूम धरला म्हणजे लीक नाही" हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे. व्हॅक्यूम मारल्यावर, म्हणजे पंपानं आतली हवा ओढून काढल्यावर, बाहेरची हवा आत दाबते, तीही जास्तीत जास्त १४.७ पीएसआयनं. एसी चालू असताना हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूला, आतून बाहेर दोनशे पीएसआयहून जास्त रेटा असतो. जी ओ-रिंग व्हॅक्यूममध्ये घट्ट बसते तीच उलट्या दाबाखाली वाट सोडू शकते. व्हॅक्यूम सुटला तर गळती नक्की. धरला तर फक्त मोठी गळती नाही एवढंच कळतं.

रत्नागिरीची गाडी

मागं एक शिक्षक रत्नागिरीहून आंबा घाट चढून आले. तीन वर्षं दर मार्चला गॅस भरत होते आणि दिवाळीपर्यंत एसी बंद पडत होता. कंडेन्सर आधीच बदलून झालेला. मी सगळे सांधे तपासले, पिना तपासल्या, साबण लावून बसलो. कुठंच काही नाही. डिटेक्टर मात्र इंजिनच्या मागच्या भिंतीजवळ अर्धवट वाजायचा आणि थांबायचा. तिथून कॉइलकडे जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाइपावर खडखडू नये म्हणून कंपनीनं काळा स्पंज गुंडाळलेला असतो. त्यावर साबण मारून उपयोग नव्हता, स्पंज सगळं पिऊन टाकत होता. शेवटी ब्लेडनं तो स्पंज उभा चिरला. खाली पाइप ओलसर होता आणि त्याच्यावर पांढऱ्या भुकटीचा थर, चुन्यासारखा. पावसाचं आणि खारं पाणी त्या स्पंजात महिनोन्महिने मुरून धातू खात बसलं होतं. भुकटी हळूच पुसली आणि साबणाचा एक थेंब टाकला. बुडबुडा फुगत फुगत वाटाण्याएवढा झाला आणि फुटला. मग दुसरा. मिनिटाला दोन-तीन. सर माझ्या शेजारी उकिडवे बसून बघत होते. "एवढंसं?" म्हणाले. सुईच्या टोकानंसुद्धा चाचपता आलं नसतं एवढं ते भोक, आणि त्यानं तीन वर्षांचा गॅस बाहेर सोडला होता.

तो पाइप आम्ही बदलला. दुरुस्तीत काय बदलायचं आणि काय जोडायचं याचा निर्णय जागा बघून घ्यावा लागतो. जाड पाइपावरचं एखादं भोक चांगला कारागीर आर्गन वेल्डिंगनं पक्कं बंद करतो, पण सरांचा पाइप आसपास सगळाच पातळ झाला होता, तिथं वेल्डिंग म्हणजे पुढच्या वर्षीचं भोक. कंडेन्सर आणि कॉइलच्या चपट्या नळ्यांची भिंत इतकी पातळ असते की मी त्या जोडत बसत नाही, भागच बदलायला सांगतो. पाइपावर दोन पुड्या मळून केलेली एपॉक्सी पुट्टी थापून देणारे आहेत. शेकडो पीएसआयच्या दाबाखाली आणि इंजिनच्या धगीत ती टिकत नाही. डब्यातून मिळणारं 'लीक स्टॉप' तर मी माझ्या गॅरेजात येऊ देत नाही. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात आणि गॅस ओढायच्या मशीनमध्ये जाऊन बसतं.

सांधा गळत असेल तर काम सोपं, पण तिथंच घाई होते. ओ-रिंग एसीचीच हवी, नळाच्या दुकानातली चालत नाही. ती पॅग ऑइलच्या, म्हणजे एसीच्या कॉम्प्रेसरच्या तेलाच्या, थेंबात बुडवून बसवायची, ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावून नव्हे. नट सोडताना आणि आवळताना दोन पाने धरायचे, एकानं पाइप स्थिर आणि दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं जोर लावला तर ॲल्युमिनियमचा पाइप पिळवटतो आणि एक गळती मिटवताना दुसरी जन्माला येते.

प्रणाली बराच काळ उघडी राहिली असेल तर ड्रायरही बदलायचा, कारण त्यातले शोषक दाणे हवेतलं पाणी पिऊन भरलेले असतात. आतला ओलावा व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होऊन बसतो आणि तेलाशी मिळून आम्ल तयार करतो, ते आतून धातू खातं. म्हणूनच व्हॅक्यूम अर्धा-पाऊण तास मारायचा असतो. दाब इतका उतरला की आतलं पाणी गाडी थंड असतानाच उकळून निघून जातं, आणि त्याला वेळ लागतो. पाच मिनिटांत पंप बंद करणाऱ्याला विचारा. मग स्टिकरवरचं वजन काट्यावर मोजून भरायचं, आणि काढलेल्या भागासोबत गेलेलं तेल तेवढंच परत घालायचं. जास्त गॅस म्हणजे जास्त गार, असं नसतं. जास्त भरला की हाय साइडचा दाब चढतो, कॉम्प्रेसर कण्हतो आणि हवा उलट कोमट येते.

गॅस कुठला भरला जातोय हेही उभं राहून बघा. स्वस्तात एलपीजी भरणारे आहेत. गार होतं, म्हणून गिऱ्हाईक खूश असतं. पण कॉइल गळली तर तो गॅस थेट केबिनमध्ये येतो, जिथं आपली मुलं बसलेली असतात आणि एक ठिणगी पुरते. भेसळीचं टोक २०११ मध्ये दिसलं. जहाजांच्या थंड कंटेनरांत आर-१३४एच्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस भरला गेला होता. त्यानं आतल्या ॲल्युमिनियमशी क्रिया करून हवेत आपोआप पेटणारं रसायन तयार केलं आणि व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये कंटेनर फुटून कामगार दगावले. गाडीतही ॲल्युमिनियमच असतं.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांबद्दल थोडक्यात. त्यांचा कॉम्प्रेसर थेट बॅटरीच्या मोठ्या व्होल्टेजवर चालतो आणि त्याला वीज न वाहणारं वेगळं तेल लागतं. नारिंगी वायर दिसली की शिकलेल्या माणसाखेरीज कुणी हात लावायचा नाही, आणि साधं पॅग ऑइल त्यात जाता कामा नये.

राहिला हवेत जाणारा गॅस. पूर्वी गाड्यांत आर-१२ असायचा. त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो हे कळल्यावर १९८७च्या माँट्रियल करारानं तो मोडीत निघाला आणि आर-१३४ए आला. हा ओझोनला त्रास देत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. ४०० ग्रॅम सुटला की साधारण ५७० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम. तेवढा धूर सोडायला सुमारे २५० लिटर पेट्रोल जाळावं लागेल, म्हणजे लहान गाडीनं पुणे-नागपूर-पुणे अशा तीन फेऱ्या. सरांच्या गाडीतून हे तीन वर्षं होत होतं. २०१६च्या किगाली करारानुसार असे गॅस जगभर कमी करायचे ठरलंय, भारताची टप्प्याटप्प्यानं घट २०३२पासून सुरू व्हायची आहे. युरोपात नव्या गाड्यांत २०१७पासून आर-१३४ए बंदच झाला. पण आज रस्त्यावर असलेल्या आपल्या गाड्यांत तो आहे, म्हणून पिन दाबून 'फुस्स' करून जुना गॅस सोडून देणाऱ्याला थांबवा, मशीननं ओढून घ्यायला सांगा. तो साफ करून परत वापरता येतो. त्या फवाऱ्याखाली बोट आलं तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, आणि विस्तवावर गेला तर विषारी धूर होतो. आमच्याकडे काम चालू असताना बिडी-सिगारेटला बंदी आहे.

गळती लांबवायला तुमच्या हातात असलेलं काम म्हणजे हिवाळ्यातसुद्धा दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं एसी चालवणं. कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील तेलानं ओलं राहिलं तरच लवचिक राहतं. पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवायला एसी लावता, तेव्हा ते आपोआप होतं. वायपरखालची पानं काढत जा आणि धुताना कंडेन्सरवर प्रेशरचा फवारा जवळून मारू नका, पापुद्रे आडवे होतात.

गॅस भरून झाला की तारीख, किती ग्रॅम निघाला, किती भरला आणि कुठला भाग बदलला हे मेकॅनिककडून कागदावर लिहून घ्या. मी ते जाड कागदावर लिहून वर चिकटपट्टी मारून बॉनेटच्या आतल्या बाजूला लावतो. सर पुढच्या मार्चमध्ये आंबे घेऊन आले तेव्हा बॉनेट उघडून आधी तोच कागद वाचला, मग गॅस ओढून तोलला. भरला होता ४२० ग्रॅम. काट्यावर आला ४१०.